चिखलझरीचा दर्शनी पडदा

चिखलझरीच्या तलावावर बायका एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत. नवी नवरी पहिल्यांदा घागर घेऊन घाटावर उतरली की तिचं नाव माहेरीच राहून जातं, आणि इथं ती आरमोरीवाली होते, नाहीतर कुरखेडावाली, नाहीतर लाखांदूरवाली. एका गावच्या दोघी आल्या तर मोठी आरमोरीवाली आणि लहानी आरमोरीवाली. प्रेमिला ही वडसेवाली. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, मांडीवर आठ महिन्यांची रोशनी होती. नवरा सूरज तलावात जाळं टाकायचा आणि हंगामात धान कापायला जायचा. पण तिला प्रेमिला म्हणून हाक मारणारी माणसं गावात दोनच, एक सूरज आणि दुसरी तिची सासू रुखमाबाई.

दसरा होऊन गेला होता. प्रेमिला घाटावर रोशनीची दुपटी आपटत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अवं नवरगाववाली, सरक थोडी. ब्रह्मपुरीवालीले बसू दे." नवरगाववाली सरकली आणि ब्रह्मपुरीवाली तिच्या नि मोठ्या आरमोरीवालीच्या मधे येऊन बसली.

प्रेमिलाचा हात वरच्या वर थांबला. ब्रह्मपुरी नदीच्या त्या काठाला, आरमोरी या काठाला, आणि इथं दोघी एकाच दगडावर मांडीला मांडी लावून. तिनं मनातल्या मनात दोघींच्या मधून वैनगंगा सोडली. नवरगाववालीला उचलून लांब जंगलाच्या कडेला नेऊन ठेवलं. कुरखेडावालीला उगवतीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. लाखांदूरवालीला वरच्या अंगाला. बघता बघता घाटावरच्या साऱ्या बायका आपापल्या ठिकाणी जाऊन बसल्या आणि मधोमध तलाव उरला, निळाशार. तिला एकटीलाच हसू फुटलं. तोवर एक दुपटं तरंगत पार मधे गेलं होतं, ते आणायला लहानी आरमोरीवाली पोहत गेली आणि परत येईपर्यंत वडसेवालीच्या डोक्यावर परिणाम झाला असं सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

डोक्यावर परिणाम झालाच होता. तिला तिचा पडदा सापडला होता.

प्रेमिलाचा बाप मुखरू पेंटर, वडशाचा. झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेकाठच्या या जंगलमुलखात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, जिलबी, बांगड्यांची दुकानं, आणि रात्री नाटक. त्या नाटकांना लागणारे राजवाडे, बगीचे, जंगलं, तुरुंग हे सगळं मुखरू पेंटर मांजरपाटावर रंगवायचा आणि भाड्यानं द्यायचा. प्रेमिला लहानपणापासून त्याच्या हाताखाली. सरस उकळायचा, रंगाची भुकटी घोटायची, आणि पुढं पुढं हात बसल्यावर पानं आणि ढग काढायचे. पानं आणि ढग, एवढंच. पलीकडच्या चार तालुक्यांत बगीच्याच्या पडद्यावरचं एकूण एक पान तिच्या हातचं होतं, आणि खाली कोपऱ्यात नाव बापाचं. त्याचं तिला वाईट वाटायचं असं नाही. पण एकदा तरी वरच्या बांबूपासून खालच्या बांबूपर्यंत आपला असा एक पडदा लोकांसमोर टांगलेला बघावा, ही हौस मात्र ती सासरी येताना सोबत घेऊन आली होती.

आणि या वर्षी संधी चालून आली. गावच्या नाट्य मंडळानं स्वतःचा दर्शनी पडदा करायचं ठरवलं. नाटक सुरू होण्याआधी लोकांसमोर असतो तो दर्शनी पडदा. मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव. मोठं शेत, मोठा आवाज आणि त्याहून मोठ्या मिशा, त्यामुळं वर्षानुवर्षं राजाचं काम त्यांच्याकडंच. सूरज त्यांच्या दरबारात भालदार. वर्षभरात त्याला एकच वाक्य असायचं, तेही "आज्ञा महाराज". पण त्या दिवशी बैठकीत तो न सांगितलेलं वाक्य बोलला. म्हणाला, आमच्या घरी पेंटरची पोरगी आहे, तिले का नाई विचारत. गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. कापड मंडळाचं, रंग मंडळाचा, काढू दे, असं म्हणाले. पण काही कमीजास्त झालं तर ऐनवेळी पंचाईत नको, म्हणून मुखरू पेंटरचा हंसाचा पडदाही दरवर्षीसारखा वडशाहून यायचा होताच. कमळाच्या तळ्यात मान वाकवून बसलेला तो हंस सगळ्या झाडीपट्टीत प्रसिद्ध होता. म्हणजे प्रेमिलाचा पडदा बरा झाला तर टांगायचा, नाहीतर हंस. आणि हंसाच्या मागच्या तळ्यातली सगळी पानं तिनंच काढलेली.

काय काढणार, असं विचारल्यावर ती गाव काढणार एवढंच म्हणाली. गुणवंतरावांना वाटलं देऊळ, दोन झोपड्या, मागून उगवता सूर्य. तिनंही खुलासा केला नाही. तिला ठाऊक होतं, नाटक नऊचं म्हटलं तरी राजाला मिशी चिकटेपर्यंत किती वाजतात ते. तोवर लोक पडद्याकडं बघत बसलेले असतात. हंसाकडं बघून बघून किती बघणार? पण नकाशा दिला तर त्यात फिरता येईल. इथून निघावं, तिथं पोचावं, वाटेत थांबावं, परत यावं. बसल्या जागी हिंडायला मिळालं तर पोत्यावर बसून अवघडलेल्या माणसाला आणखी काय हवं?

आता गावं हवी होती आणि वाटा हव्या होत्या. ती कामाला लागली. घाटावर, कांडपाजवळ, धान कापताना बांधावर, जिथं बाई भेटेल तिथं एकच विचारायचं, तू वरातीत आली तं कोणत्या वाटेनं आली? कोस आणि मैल तिनं कुणाला विचारले नाहीत. काय काय दिसलं ते विचारलं. पहिल्या दिवशी बायका लाजल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या तिला शोधत यायला लागल्या. कुरखेडावालीला मोहाचं एक झाड आठवलं, त्याच्या बुंध्याशी तिची बैलबंडी थांबली होती आणि तिनं शेवटचं वळून पाहिलं होतं. लाखांदूरवालीची नवी चप्पल नदीच्या रेतीत रुतली ती निघालीच नाही, ती एका पायानं सासरी आली. नवरगाववालीला जंगलात रानगवा दिसला होता, आणि वरातीतले सगळे पुरुष बंडीखाली शिरले होते, तिचा नवरा सगळ्यांत आधी. हे सांगताना तिचा नवरा शेजारच्या बांधावरच होता. तो म्हणाला, "बैलं सुटले तं धराले कोणी पाह्यजे का नाई खाली?"

आणि एक गंमत प्रेमिलाच्या ध्यानात आली. माहेराचा विषय निघाला की बाईचा हात आपोआप उठतो. हातात विळा असो, ओलं लुगडं असो, डोळे कुठंही असोत, हात बरोबर माहेराच्या दिशेनं जातो. ते हात तिनं मनात धरून ठेवले आणि घरी येऊन चुलीपुढच्या राखेत काडीनं ओढून ठेवले.

समाजमंदिराच्या लांब भिंतीवर मांजरपाट ताणून बसवलं. आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली, तीत रोशनी. पडदा मोठा आणि वेळ इवलासा. रोशनी निजली की ब्रश उचलायचा, रोशनी कुरकुरली की पायानं झोळीला झोका द्यायचा, रोशनी रडली की ब्रश पाण्यात. कधी अर्धी नदी व्हायची, कधी नुसतं एक झाड. एकदा पाजताना समोरच्या कोऱ्या कापडाकडं बघता बघता तिला सगळा डोंगर दिसला, उतारासकट, सावलीसकट, आणि हात मोकळा नाही. दूध पिणाऱ्या लेकीला ती हळूच म्हणाली की बाई ग, आटप लवकर, डोंगर पळून जाईल. रोशनीनं तोंड सोडून आईकडं पाहिलं, हसली आणि पुन्हा सावकाश प्यायला लागली.

वैनगंगा तिनं निळीत पांढरा मिसळून काढली, आणि रेतीची बेटं तशीच कोरी सोडली, उन्हाळ्यात दिसतात तशी. धानाची शेतं कंगव्यानं. ओल्या हिरव्यावरून कंगवा ओढला की बांधीतल्या धानाच्या ओळी उठून यायच्या. जंगल तिनं अंगठ्यानं उठवलं, ठसा शेजारी ठसा, दाट, की मधून वाट दिसू नये आणि तरी असावी. वाटा सगळ्या गेरूच्या, लाल, बारीक. प्रत्येक वाटेवर त्या बाईनं सांगितलेलं काहीतरी. मोहाचं झाड, रेतीत एक चप्पल, रानगवा आणि बंडीखालून बाहेर आलेले पुरुषांचे पाय. सगळ्या वाटा चहूकडून निघून तलावाकडं यायच्या आणि घाटाच्या पायऱ्यांशी संपायच्या.

तलावात तिला नुसतं पाणी ठेवायचं होतं. पण एका दुपारी खालची किनार ओली होती आणि रोशनी झोळीतून उतरवलेली. पाठ फिरली तेवढ्यात ती रांगत निळ्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तळहाताचे, गुडघ्यांचे गोल गोल डाग. प्रेमिलानं कपाळाला हात लावला, मग जरा मागं सरून पाहिलं. पाहिलं तर ती कमळाची पानं होती. तिनं प्रत्येक डागाला एक हिरवी कड काढली, झालं.

सूरज रात्री विचारायचा, आज कुठपर्यंत पोचली? ती म्हणायची, नदी ओलांडली. तो अंगावर पांघरूण घेत म्हणायचा, "पाय भिजले असन मंग." आणि झोपायचा.

मंडईच्या आदल्या दिवशी फक्त काठ उरला. चारी बाजूंनी हातभर रुंद पट्टा तिनं कोरा ठेवला होता, फुलांची वेल काढायला. पण धुळीनं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी तो मळून गेलेला. पांढऱ्याची भुकटी संपली होती. घरात भिंतींसाठी भिजवलेला चुना होता, तोच तिनं सरसात कालवला आणि काठावर फिरवला. बाप जवळ असता तर रंगकामात चुना नको म्हणून हात धरला असता. पण काठ लख्ख झाला.

मंडईचा दिवस उजाडला तो गलक्यातच. एसटीतून, बंड्यांतून, सायकलींवरून पाहुणे उतरायला लागले. दिल्या घरच्या पोरी मंडईला माहेरी येतात, सोबत जावई येतो, त्याला जिलबी आणि नाटकाला पुढची जागा, ही रीतच. सकाळीच पुरुषांनी पडदा भिंतीवरून काढून मैदानातल्या मंडपात आणला आणि बांबूला बांधून उभा केला. बघायला गाव लोटलं.

सुनांनी तर कहर केला. "थे पाह्य माहं मोहाचं झाड." "अन् थे माही चप्पल, बापा." पदर सांभाळायचं भान नाही, सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलू नये हे भान नाही. कुरखेडावालीनं गेरूच्या वाटेवर बोट ठेवलं आणि घाटापासून माहेरापर्यंत नेलं, मग तिथंच थांबली, बोट उचलेना. नवरगाववालीचा नवरा ते बंडीखालचे पाय बघून म्हणाला की यातले माझे कोणते ते कळत नाही, तर मागून कुणीतरी सांगितलं, सगळ्यांत आतले. गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवत देऊळ शोधलं, त्यांना ते सापडलं, त्यांचं शेतही सापडलं, आणि ते बरंच मोठं काढलेलं पाहून त्यांचा चेहरा उजळला. प्रेमिला कडेवर रोशनीला घेऊन खांबाला टेकून उभी होती. सगळं गाव पडद्यात शिरलं होतं आणि बाहेर यायला तयार नव्हतं.

गुणवंतरावांची मुलगी दिव्यानी आदल्या संध्याकाळी आली होती. तिला गडचांदूरला दिलेली, जावई तिथं सिमेंटच्या कारखान्यात. ती पुढं आली आणि पडदा वाचायला लागली. वरून खाली, मग उजवीकडून डावीकडं. पुन्हा वरून. तिच्याबरोबर आणखी चारपाच जणी होत्या, सगळ्या गावच्या लेकी, कुणी माजरीच्या खाणीकडं दिलेली, कुणी आणखी कुठं. त्याही शोधत होत्या. मग दिव्यानी वळली.

"वहिनी, मी कुठी आहो?"

प्रेमिलाला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तिनं घाटावरच्या हाकांतून नकाशा केला होता. घाटावर आरमोरीवाली होती, कुरखेडावाली होती. पण गडचांदूरवाली चिखलझरीच्या घाटावर कशी असणार? गावच्या लेकी घाटावर पोरसवदा वयात नावानंच ओळखल्या गेल्या आणि निघून गेल्या. त्यातल्या बहुतेक तिचं लग्न व्हायच्या आधीच. तिनं येणाऱ्या वाटा काढल्या होत्या. जाणाऱ्या वाटा तिला कुणी सांगितल्या नाहीत आणि तिनंही कुणाला विचारल्या नाहीत. ज्या गावांशी दोन्हीकडून सोयरीक होती, सून तिथली आणि लेकही तिथंच दिलेली, तेवढीच वाचली होती.

"तिथं मले चिखलझरीवाली म्हंतेत," दिव्यानी म्हणाली. ती रागावली नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. "अन् चिखलझरीत आली तं मी नाईच."

गुणवंतरावांचा चेहरा बदलला. रात्री पहिल्या रांगेत जावई बसणार, सगळी गावं त्याच्यासमोर असणार आणि त्याचंच नसणार. लेकीचा मान, जावयाचा मान, सगळ्या गावासमोर. एका लेकीचं नाही, पाचसहा लेकींचं. ते मोठ्यानं बोलले नाहीत, पण राजाचाच आवाज तो, शेवटच्या माणसापर्यंत गेला. म्हणाले, पडदा चांगला आहे सूनबाई, घरी ठेव. आज हंस टांगू.

हंस येऊन पोचलाच होता. मैदानाच्या कडेला बैलबंडी थांबली होती आणि गुंडाळलेल्या पडद्यावर बसून मुखरू पेंटर विडी ओढत होता. तो खाली उतरला, सूरजला राम राम केला, नातीचा गालगुच्चा घेतला आणि लेकीच्या पडद्यासमोर उभा राहिला. जवळ गेला, कंगव्यानं ओढलेल्या धानावर नख फिरवलं. मागं आला. मग एवढंच विचारलं की काठ कोरा का सोडला.

वेल काढायची होती, प्रेमिला म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिचे डोळे काठावर गेले ते तिथंच राहिले. खालच्या कोपऱ्यातून निघून उजवीकडं, वर, पुन्हा डावीकडं, पडद्याभोवती एक पांढरी लांबच लांब मोकळी जागा. वेल म्हणजे तरी काय? एक वळत जाणारी रेघ आणि तिला थोड्या थोड्या अंतरावर पानं. वाट म्हणजे तरी काय?

तिनं रोशनीला बापाच्या हातात दिलं आणि दिव्यानीचा हात धरला. "ताई, तुमी गडचांदूरले कशा गेल्या? वाट सांगा."

दिव्यानी सांगायला लागली आणि तिचाही हात उठला, मावळतीकडं. प्रेमिला गुणवंतरावांकडं वळली. डोईवरचा पदर नीट करून म्हणाली, "गुणवंतभाऊ, दिवे लागेपर्यंत. नाई झालं तं हंस."

गुणवंतरावांनी लेकीकडं पाहिलं. लेक बोटावर थांबे मोजत होती. "दिवे लागेपर्यंत," ते म्हणाले. "मंग मले काई सांगू नका."

लाल गेरू संपला होता. पिवळी भुकटीही नव्हती. रुखमाबाई कुणालाच न विचारता घरी गेली आणि हळदीचा डबाच घेऊन आली. लेकी हळद लावूनच गेल्या ना, म्हणाली, मग काय झालं. प्रेमिलानं हळद पाण्यात कालवली, ब्रश बुडवला आणि तलावाच्या सांडव्यापाशी टेकवला. तिथून पिवळी रेघ शेतांच्या मधून काठाकडं निघाली. मुखरू पेंटरनं सवयीनं दुसरा ब्रश उचलला. मग त्याच्या लक्षात आलं तसा तो खाली ठेवला.

"मी हात लावत नाई," तो म्हणाला. "माहा हात लागला तं माहा पडदा होईन."

आणि नात मांडीवर घेऊन तो बंडीच्या सावलीत जाऊन बसला.

रेघ काठाच्या चुन्यावर पोचली आणि प्रेमिलाच्या डोळ्यांदेखत लाल झाली. ती दचकली. ब्रश पाहिला, ब्रश पिवळाच. पुन्हा टेकवला. पिवळं उमटलं आणि तिथल्या तिथं लाल पसरलं, ओलं, कुंकवासारखं. तिच्या मागं उभ्या बायकांत एक हसू उठलं. मोठी आरमोरीवाली म्हणाली, "कुकू झालं वं." हळद आणि चुना, दुसरं काय होणार? घरोघरी कुंकू असंच तर होतं. शेतातून पिवळी गेलेली वाट काठावर लागली की लाल होत होती. प्रेमिलाला कुणी सांगून असं सुचलं नसतं. तिनं ब्रश पुन्हा हळदीत बुडवला. बंडीपाशी मुखरू पेंटर उठून उभा राहिला होता आणि त्याची विडी विझली होती.

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं की जत्रा, कुणालाच सांगता आलं नसतं. दिव्यानी सांगायची आणि प्रेमिला वेल पुढं न्यायची. नदी ओलांडून ब्रह्मपुरी, तिथं एक पान. नागभीडला दुसरं. सिंदेवाहीपाशी दाट पानं, जंगल ना तिथं. मग मूल गाव. चंद्रपुरात वेल फुटली, एक फांदी भद्रावतीवरून माजरीला निघाली, तिथं नाटकात पडद्याची दोरी ओढणाऱ्या पत्रूची बहीण दिलेली, ती शेजारीच उभी होती, ती म्हणाली माझ्या पानावर कोळशाची धूळ टाक, नाहीतर ओळखू कसं येणार. काजळीचे ठिपके टाकले. दुसरी फांदी बल्लारपूरवरून वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याला आणि तिथून गडचांदूरला. दिव्यानीला तिथली सगळ्यात मोठी आठवण विचारली, तर ती म्हणाली धुराडं. मग थांबून म्हणाली, धुराडं नको, आमच्या दारात तुळस आहे, ती काढ. ती जाऊन पडली वरच्या डाव्या कोपऱ्यात, पडद्याचं सगळ्यात लांबचं टोक. एवढी मोठी वाट मधल्या जागेत कधीच मावली नसती. काठानं ती सहज सामावून घेतली.

बाकीच्या लेकी आता थांबायला तयार नव्हत्या. एकीनं प्रेमिलाच्या हातातून ब्रशच घेतला आणि आपली वाट आपण काढली, जरा वाकडी. प्रेमिलानं ती तशीच राहू दिली. गावाच्या सुना हळद कालवून देत होत्या, लेकी वाटा सांगत होत्या, जिलबीवाला आपलं दुकान सोडून येऊन उभा होता. मधेच रोशनी भुकेनं रडायला लागली. प्रेमिलानं पडद्याकडं तोंड करून, खाली बसून तिला पाजलं आणि उजव्या हातानं खालच्या काठाची पानं काढत राहिली. पानं तर तिला येतच होती. झोपेतसुद्धा आली असती.

दिवे लागले तेव्हा तिच्या कोपरापर्यंत हळद होती आणि पडद्याभोवती लाल वेल पूर्ण फिरून आली होती. गुणवंतराव अर्ध्या वेषात आले. खाली धोतर, वर राजाचा अंगरखा, एका बाजूचीच मिशी लावलेली. स्वतःच्या मिशांवर आणखी एक जोड चढवल्याशिवाय त्यांना राजा झाल्यासारखं वाटत नसे. ते पडद्यासमोर उभे राहिले. वेल कुठून निघते ते बघितलं आणि डोळ्यांनी तिच्या मागं मागं जात राहिले. पान, पान, पान. चंद्रपूरला चुकले, माजरीला जाऊन परत आले, पुन्हा निघाले. तुळशीपाशी पोचले तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि लावलेली मिशी हातात आली.

"थो हंस वडशाले वापस न्या," ते मुखरू पेंटरला म्हणाले. "भाडं घेऊन जा, पण हंस न्या."

मुखरू पेंटरनं भाडं घेतलं नाही. हंस गुंडाळलेलाच बंडीत राहिला आणि त्याच्यावर बसून त्यानं नाटक पाहायचं ठरवलं. तिथून पडदा अख्खा दिसत होता.

माणसं पोती, चटया अंथरून बसली. पुढच्या रांगेत जावई. मोठे दिवे पडद्यावर सोडले आणि मैदानात जी एक हालचाल झाली ती प्रेमिलाला पडद्यामागं ऐकू आली. आधी कुजबुज, मग बोटं, मग माणसं उठून उभी राहायला लागली. खाली बसा, खाली बसा. अरे दिसू दे, माहं गाव पाहू दे. लाखांदूरहून आलेले पाहुणे, सावली गावाहून आलेले, सगळे आपापली वाट धरून निघाले होते. कुणीतरी सांगत होतं की ही चप्पल खरी आहे, तिला विचारा. दिव्यानीच्या नवऱ्यानं आपली तुळस शोधली आणि शेजाऱ्याला दाखवली, मग त्याच्या शेजाऱ्याला, मग तो उठून पडद्याजवळ जाऊन बघून आला.

पडद्यामागं उजेड गाळून येत होता. निळी नदी उलट्या बाजूनं वाहत होती, आणि वेल कापडातून आरपार लाल दिसत होती. प्रेमिला खोक्यावर बसली होती, रोशनी छातीशी. सूरज भाला घेऊन तिच्या शेजारी. त्यानं तिच्या हळदीच्या हाताला बोट लावून पाहिलं आणि ते बोट आपल्या कपाळाला पुसलं.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. तिसरी घंटा झाली आणि पडद्याच्या दोरीवर बसलेल्या पत्रूनं दोरीला हात घातला, तसा बाहेरून एकच गलका उठला. थांबा. उचलू नका. आमचं राह्यलं पाहाचं. कुणी माजरीला अडकलं होतं, कुणी नदीत. एक म्हातारी म्हणत होती की मी आत्ताच निघाले, घर यायचं आहे.

पत्रूनं गुणवंतरावांकडं पाहिलं. त्याच्या इतक्या वर्षांच्या दोरीत असं कधी घडलं नव्हतं. गुणवंतराव पूर्ण राजा होऊन उभे होते, मुकुट, तलवार, दोन मिशांवर दोन मिशा. वेळ त्यांची होती, हुकूम त्यांचा होता. ते वळले आणि खोक्यावर बसलेल्या प्रेमिलाकडं आले. हळू आवाजात, राजाचा आवाज बाजूला ठेवून, त्यांनी विचारलं.

"काय करू, सूनबाई? उचलू?"

प्रेमिलानं पडद्याकडं पाहिलं. बाहेर कुणीतरी आपलं गाव सापडल्यावर हसत होतं आणि त्याच्या हसण्याला दुसऱ्या कडेनं दुसरं हसू उत्तर देत होतं. रोशनी दूध पिता पिता झोपली होती. तिनं पदर ओढून घेतला.

"थांबा थोडं," ती म्हणाली. "त्याईले घरी पोचू द्या."